काचेसारखी पट्टी

कारखान्यात तिला सगळे काचताई म्हणायचे. खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं होतं, आणि तेही तिथे चुकीचं लिहिलेलं असायचं.

हे नाव तिला आधीच्या नोकरीत चिकटलं. तिथे रेझिनमध्ये सुकी फुलं, शिंपले, फुलपाखरं बंद करून पेपरवेट बनवायचे. एका डब्यात मधासारखं घट्ट रेझिन, दुसऱ्यात ते कडक करणारा हार्डनर. दोन्ही मापात मिसळायचं, साच्यात ओतायचं आणि देवाचं नाव घेऊन बाजूला व्हायचं. सकाळपर्यंत त्याचा दगड होतो. पण दगड कसा हवा, तर आतल्या फुलाची शीर न् शीर दिसली पाहिजे. बुडबुडा नको, धूळ नको, पिवळेपणा तर नकोच नको. रेझिन जरा जास्त तापलं की जुन्या कागदासारखं पिवळं पडतं, म्हणून आच कायम मंद ठेवायची. काचताईचं कसब असं की तिचा पेपरवेट टेबलावर ठेवला तर फूल नुसतंच हवेत ठेवल्यासारखं वाटायचं. गिऱ्हाईक हात लावून बघायचं. ते पाहून तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

"हिला नळाचं पाणीसुद्धा गढूळ दिसतं," सासूबाई शेजारणीला सांगायच्या. तक्रार होती की कौतुक, ते सासूबाईंनाच ठाऊक.

पेपरवेटचा धंदा बसला, तशी काचताई कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात लागली. तीन खोल्या. पहिलीत साचे आणि घासकाम, मधलीत भट्टी, शेवटच्या खोलीत तिची शेगडी, तिचं तापमापक, तिची भांडी आणि भांड्यांना हात लावायचा नाही अशी तिची सक्त ताकीद. इथे पेपरवेट नव्हते. कार्बनच्या काळ्या कापडाचे थर एकावर एक ठेवून त्यांत रेझिन मुरवायचं, साच्यात दाबायचं, भट्टीत भाजायचं, की पावलाचं एक वाकडं काळं पातं तयार होई. माणूस टाच टेकवतो तेव्हा ते थोडं दबतं आणि पाऊल उचलताना उसळी देतं. या पात्यावर माणसं जिने चढत, बस पकडत, नातवंडांमागे धावत.

पात्याचा रंग काळा, तेव्हा आतलं रेझिन किती नितळ आहे हे कोण बघणार? पण काचताई बघायचीच. भांड्यात उरलेलं रेझिन ती बोटभर लांबीच्या पट्टीच्या साच्यात ओतायची. ही पट्टी त्या भांड्याची साक्ष. पाय कारखान्याबाहेर पडण्याआधी त्याच्या भांड्याची पट्टी तपासायची, असा नियम होता.

हा नियम मॅडमनी घातला होता. मॅडम म्हणजे कारखान्यातली इंजिनीअर, काचताईच्या मुलीच्या वयाची, चष्मा सतत केसांत खोचून तोच शोधत फिरणारी. त्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी काचताईची एक पट्टी घेऊन टेबलाच्या कडेवर आपटली. कडाक! दोन तुकडे.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "कडक आहे, पण चिवट नाही. एक भेग पडली की संपलं."

"मॅडम, मुद्दाम आपटली तर मोडणारच ना. आपण आपटलो तर आपणही मोडू."

मॅडम हसल्या. मग त्यांनी एका डब्यातली पांढरी पावडर दाखवली. ते साधं पिठासारखं दिसणारं एक प्लास्टिक होतं, उष्णतेने वितळणाऱ्या जातीचं. गरम रेझिनमध्ये ते पूर्ण विरघळवायचं. भट्टीत रेझिन घट्ट होऊ लागलं की हे प्लास्टिक त्याच्यापासून जरा फटकून वेगळं होतं आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब सगळीकडे पसरून राहतात.

"त्याने काय होतं?" काचताईने विचारलं.

"भेग म्हणजे तुमच्या गल्लीतली बातमी समजा. मोकळा रस्ता मिळाला तर या टोकाहून त्या टोकाला क्षणात. पण वाटेत दारोदारी बायका उभ्या असल्या, तर प्रत्येकीपाशी थांबत थांबत जाणार. शेवटच्या घरापर्यंत पोचेतो दमून जाईल."

हे काचताईला पटलं. पटलं नाही ते पुढचं. पावडर विरघळायला आच मोठी लागे आणि तासन् तास ढवळावं लागे. मोठ्या आचेने रेझिनला पिवळी झाक येई. आणि भट्टीतून निघालेली पट्टी दुधी असायची, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. ती ठोकली तरी मोडत नसे, आणि मोडलीच तर खडबडीत, फाटल्यासारखी मोडे. मॅडम आनंदाने टाळ्या वाजवायच्या. काचताई ती दुधी पट्टी खिडकीपाशी धरून बघायची आणि तिचा जीव बारीक व्हायचा. आयुष्यभर जी गोष्ट बिघाड म्हणून फेकली, तिलाच आता चांगलं म्हणायचं!

तिच्या घरात एक माणूस या पायाची वाट बघत होता. तो तिचा धाकटा दीर.

दीर हॉटेलात वेटर होता. साधासुधा नव्हे. एका हातावर ट्रे, दुसऱ्या हातात चार पेले, आणि तोंडाने तिसऱ्या टेबलाशी थट्टा. हॉटेलात लोक जेवायला येत तसे त्याला बघायलाही येत. मग गोदामाच्या गल्लीत मागे येणाऱ्या एका ट्रकखाली त्याचा डावा पाय गेला, गुडघ्याखालून. हॉटेलमालक भला माणूस, त्याने त्याला गल्ल्यावर बसवलं. जुना लाकडी पाय होता, पण तो घालून ट्रे नेणं म्हणजे ओंडक्यावर नाचणं. दीर गल्ल्यावर बसून बसून अंगाने सुटला आणि तोंडाने मिटला.

"वहिनी, तुमच्या कारखान्यात माणसं खरंच धावतात?" तो विचारायचा.

"धावतात म्हणजे! परवा एक आजोबा बिल न भरता पळाले."

"मग मलाही तसलाच पाय करा. फक्त तुमच्या हातचा हवा. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला पचत नाही."

काचताईने कारखान्याच्या शेठकडे शब्द टाकला, नंबर लागला, माप झालं. आणि नेमकं त्याच आठवड्यात मॅडमच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि मॅडम रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "काचताई, आच कमी करू नका. आणि गुठळी राहिली तर थांबा, घाई नको."

घाई तिने केलीच नाही. तिने केलं ते वेगळंच. घरच्या माणसाचा पाय, म्हणून तिला तो नेहमीपेक्षा चांगला करायचा होता, आणि चांगलं म्हणजे काय हे तिच्या हाताला एकच माहीत होतं. तिने आच मंद ठेवली. रेझिन छान नितळ राहिलं. पण पावडर काही विरघळेना. नुसती फुगून चिकट गुठळ्या झाल्या, नीट न शिजलेल्या साबुदाण्यासारख्या. दुपार झाली, कलती झाली, गुठळ्या तशाच. आच वाढवावी तर रेझिन पिवळं होणार. तशाच ठेवाव्यात तर पात्यात खडे राहणार.

मग तिने बारीक जाळी घेतली आणि सगळं गाळून घेतलं. चहा गाळतात तसं. विरघळायचं ते विरघळलं असेल, उरला तो चोथा, असं ती मनाशी म्हणाली. खाली पडणारी धार पाहून तिला पेपरवेटचे दिवस आठवले. काय नितळ धार! जाळीत उरलेला गोळा तिने कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. वर टाकला नाही. इतर कचरा बाजूला सारून पार तळाशी घातला. का, असं तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण हात जेव्हा एखादी गोष्ट तळाशी घालतात, तेव्हा मनाला काहीतरी कळलेलं असतं.

त्या भांड्यातून चार पाय झाले. पट्टी भट्टीतून निघाली ती आरशासारखी. शेठने ती उजेडात धरली.

"वा वा! याला म्हणतात काम. मॅडमची ती फोडणी दिलेली पट्टी मला कधी आवडलीच नाही. ही बघा, काच!"

"आपटून बघायची असते," काचताई म्हणाली. पण हळू म्हणाली.

"एवढी सुंदर वस्तू आपटायची? काहीतरीच!" शेठने ती मेजावर शोभेला ठेवून दिली. पाय गेले.

दिराने पाय लावला आणि घरभर फिरला. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्या, जमिनीला भोकं पाडशील." हॉटेलात तो पुन्हा ट्रे घेऊन उभा राहिला. मालकाने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. काचताई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून बघत होती. तिच्यापुढे कप ठेवताना दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा पाय यांनी केलाय. माझ्या वहिनीने." लोकांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

तो पाय महिनाभर चालला.

मोडला तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. दिराने चहाचा ट्रे उचलून वळसा घेतला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. पातं मधोमध गेलं. आधी किरकिरलं नाही, वाकलं नाही, सूचना म्हणून दिली नाही. तो ट्रेसकट एका बाईच्या अंगावर पडला. बाईचा हात पोळला. तिचं लहान मूल किंचाळत राहिलं, आणि दीर जमिनीवर पडल्यापडल्या कप गोळा करत "माफ करा, माफ करा" म्हणत होता.

घरी आणला तेव्हा त्याचा चेहरा शेणामातीसारखा झाला होता. काचताईने तुटलेलं पातं हातात घेतलं. कार्बनच्या थरांमधून रेझिन चकचकत होतं, गुळगुळीत, फुटक्या पेल्याच्या कडेसारखं. तिला बघताक्षणी समजलं.

"माझंच चुकलं," दीर म्हणाला. "बसून बसून पोतं झालंय माझं. पाय तरी काय करील?"

काचताईने तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत होते, कमी गिळ!" आणि नवरा म्हणाला, "जाऊ दे आई." आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

दुसऱ्या दिवसापासून दिराने जेवण निम्मं केलं. काचताई वाढायला आली की ताटावर हात आडवा धरायचा. "बस वहिनी. अर्धाच भात." ती म्हणायची, "अहो भावोजी, एवढ्याने काय होतंय?" तो म्हणायचा, "तुमचा दुसरा पाय तरी टिकला पाहिजे ना?" ती डाव घेऊन तशीच उभी राहायची. चूक एकदा झाली होती. ही चूक मात्र रोज दोन वेळा होत होती, गरम गरम, तिच्याच हाताने वाढून. त्याच्या गालांची हाडं वर आली. बायका म्हणाल्या, छान बारीक झाला हो! काचताई मोरीत जाऊन नळ मोठा सोडायची आणि तोंड धुवत राहायची. आज सांगते, उद्या सांगते. आणि बाकीचे तीन पाय? ते कुठल्या कुठल्या जिन्यांवर चढत असतील? रस्त्यात कुठे काही खट् वाजलं की ती थबकून मागे वळून बघायची.

मॅडम रजेवरून परतल्या, तशी शेठने बैठक बोलावली. दिरालाही बोलावलं. तो कुबड्यांवर आला. मेजावर मोडकं पातं होतं.

"हे तुमच्या पावडरचं कौतुक," शेठ मॅडमना म्हणाले. "पूर्वी मोडत नव्हतं असं नाही, पण असं फाडकन नाही. बंद करा ती पावडर."

मॅडमनी पातं उलटंपालटं केलं, शोभेची पट्टी उचलली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. कडाक! त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तुकड्याकडे बघत राहिल्या.

"ही तर साध्या रेझिनसारखी तुटलीये," त्या हळूहळू म्हणाल्या. "मी पावडरचं माप कमी लिहून दिलं असणार. आईच्या गडबडीत होते. चूक माझी आहे, शेठ."

"अहो, कसलं माप नि कसलं काय," दीर म्हणाला. "माझं वजन बघा ना. आता पाच-सहा किलो उतरवलंय. अजून उतरवीन. पण मॅडमच्या पावडरला नावं ठेवू नका, आणि वहिनींच्या कामाला तर नकोच."

काचताई दाराशी उभी होती. तिच्या चुकीसाठी ही दोन माणसं तिच्यादेखत एकमेकांच्या आधी आपली मान पुढे करत होती. तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण फरशी पक्की होती.

"मी गाळलं," ती म्हणाली.

"काय गाळलं?" शेठ म्हणाले.

"पावडर. आच मंद ठेवली, रेझिन पिवळं होऊ नये म्हणून. ती विरघळली नाही. मग जाळीने गाळली आणि फेकून दिली. माप बरोबर होतं. भावोजींचं वजनही बरोबर होतं."

शेठ आधी हसले. त्यांना ती गंमत वाटली असावी. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "त्या भांड्यातून आणखी किती गेले?"

"तीन."

दीर खाली मान घालून कुबडीच्या रबराकडे बघत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मोडला त्याच दिवशी. पातं हातात घेतलं तेव्हा."

"म्हणजे मी अर्धा भात खात होतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही वाढत होतात."

तो मोठ्याने ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला त्यांच्या आड लपता तरी आलं असतं.

शेठ सावरले. "तीन गिऱ्हाइकांना निरोप पाठवू. तेलपाणी करायचंय म्हणून पाय मागवू. खरं कशाला सांगायचं? बोभाटा होईल."

"मी जाते घरोघरी," काचताई म्हणाली. "आणि खरं तेच सांगते."

"मी बरोबर येते," मॅडम म्हणाल्या.

"मीही येतो," दीर म्हणाला. काचताईने चमकून वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. "वहिनींचं कुणी ऐकणार नाही. पाय मोडेल हे सांगायला त्यांचा आवाज फार गोड आहे."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. बसमध्ये काचताईच्या शेजारची जागा मोकळी होती, पण दीर पुढे जाऊन मॅडमजवळ बसला. पहिलं घर एका शिंप्याचं. त्याने सगळं ऐकून घेतलं, काचताईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाय काढून दिला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातला माणूस भला निघाला. त्याने पाणी दिलं, "होतं हो बाई, माणूस आहे" असं म्हणाला, आणि ते दार लागण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसरं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नाही. दीर एकेका पायरीवर कुबड्या टेकत चढला. काचताई मागे होती. आधाराला तिने हात पुढे केला, त्याने तो पाहिला आणि घेतला नाही.

दार एका म्हातारीने उघडलं. अंगाने काटकुळी, हातात झारा. ती स्वतः चालत दारापर्यंत आली होती, आणि त्याचा अभिमान तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

काचताईने सांगितलं. मी केलेला पाय आहे, मी त्यात चूक केली, तो मोडेल, काढून द्या.

"मोडेल?" म्हातारी हसली. "अगं, रोज चार वेळा जिना उतरते मी. छान आहे पाय. या आधी वर्षभर मी या खिडकीत बसून होते. आणि तू आता तो परत मागतेस?" तिने दाराची कडी घट्ट धरली. "न्यायचा असेल तर मलाच उचलून न्या."

"आजी, ऐका. माझं चुकलं हो. पाया पडते तुमच्या." काचताई खरंच वाकली.

"मग पड. पाय देणार नाही."

मॅडमनी समजावलं. दोन आठवड्यांत नवा देऊ, चिवट देऊ. म्हातारी ऐकेना. दुसऱ्यांदा खिडकीत बसायचं म्हणून तिचे ओठ थरथरत होते, आणि ते लपवायला ती झारा हलवत होती.

तेव्हा दीर कुबड्या टेकत पुढे आला. त्याने वाकून डाव्या पायाची विजार वर केली. खाली काही नव्हतं.

"आजी," तो म्हणाला, "माझाही छानच होता."

म्हातारी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग झारा चुलीशी ठेवून आली, खुर्चीत बसली आणि पट्टे सोडू लागली. तिची बोटं अडखळत होती. काचताई गुडघ्यांवर बसून मदत करू लागली. म्हातारीने तिला करू दिलं, पण मान खिडकीकडे वळवून घेतली.

पातं काचताईच्या हातात आलं. काळं, हलकं, दिसायला निर्दोष. तिने ते पदरात गुंडाळलं. वर उजेडात धरून बघायचा मोह तिला या वेळी झाला नाही.

"नवा कोण करणार?" म्हातारीने खिडकीकडे बघतच विचारलं.

मॅडम काही बोलायला गेल्या, आणि थांबल्या. काचताई जमिनीकडे बघत होती. कोण करणार, हे सांगायचा हक्क आता तिचा नव्हता.

"याच करतील," दीर म्हणाला. आवाजात माया नव्हती. "पण मी शेगडीपाशी बसणार आहे. गुठळी संपेपर्यंत."